मॅच एअर रायफल: पहिला शॉट वर, पुढचे सगळे खाली. रेग्युलेटर फिरवू का?

लेन_क्रमांक_४ (लातूर)
नमस्कार मंडळी. क्लबची १० मीटरची पीसीपी (सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल आहे, जर्मन बनावटीची, ४.५ मिमी. वेग कायम १७१-१७२ मीटर प्रतिसेकंद असायचा. आता पंधरा मिनिटं थांबून मारलेला पहिला शॉट १७१ येतो आणि त्यानंतर १६५, १६४, १६३, १६४. सिलिंडरचा गेज १४० बार. छर्रे ०.५३ ग्रॅमचे, एकाच डब्यातले. निशाण्याच्या कार्डावर पहिला छर्रा मधोमध आणि बाकीचे खाली गोळा झालेले. साइट आणि स्टॉकचे स्क्रू तपासले, घट्ट आहेत.

रेग्युलेटरचा (आतला दाब ठरवणाऱ्या भागाचा) स्क्रू अर्धा फेरा आत घेतला तर वेग परत येईल का? पुढच्या आठवड्यात पोरांच्या जिल्हा स्पर्धा आहेत.

बिंदुसरा
पहिला शॉट फास्ट म्हणजे रेग्युलेटर क्रीप, डोळे झाकून. सीट, म्हणजे वाट बंद करणारी बैठक, खराब झालीय. थांबलं की दाब हळूहळू वर चढतो आणि पहिला शॉट जोरात जातो. पाव फेरा फिरवून बघा.

वाळूजकर
डोळे झाकून रेग्युलेटर कुणीच फिरवू नका, बिंदुसरा. आणि लेन ४, तुम्ही तर अर्धा फेरा म्हणताय. अर्धा फेरा म्हणजे काही मॉडेलमध्ये ८-१० बारचा फरक.

आधी आत काय चालतं ते बघू. सिलिंडरमध्ये २०० बार असतो, पण झडपेला एवढा दाब द्यायचा नसतो. मॅच रायफलीत मॉडेलप्रमाणे साधारण ६० ते ८० बार एवढाच दाब झडपेमागच्या छोट्या कप्प्यात लागतो. हे काम रेग्युलेटरचं. त्यात एक पिस्टन असतो आणि त्यावर वाटीसारख्या वॉशरची चळत असते. वॉशर पिस्टनला ढकलून वाट उघडी ठेवतात. कप्प्यात दाब भरत गेला की तोच दाब पिस्टनला उलटा रेटतो, आणि ठरलेल्या आकड्याला पिस्टनचं टोक सीटवर बसून वाट बंद होते. शॉट मारला की कप्पा रिकामा, पिस्टन मागे, पुन्हा भरणी. स्क्रूनं आपण फक्त 'कुठल्या आकड्याला बंद व्हायचं' एवढंच बदलतो. सीट गळत असेल किंवा वाट चोंदली असेल, तर स्क्रूनं त्याला काही फरक पडत नाही. उलट मूळ सेटिंग हरवतं ते वेगळंच.

हुरडा_पार्टी
थोडक्यात, नळाला पाणी येईना म्हणून टाकीची उंची वाढवू नका.

दहा_पॉइंट_नऊ
@लेन_क्रमांक_४, खाली पडतंय ते नेमकं किती, हे हिशेबात बघा म्हणजे घाबरायचं किती ते कळेल.

१७१ च्या वेगानं १० मीटरला छर्रा साधारण ०.०५८ सेकंदात पोचतो आणि तेवढ्या वेळात पावणेसतरा मिमी खाली येतो. १६४ ला हेच १८.२ मिमी. फरक जवळपास दीड मिमी. हवेचा अडथळा धरला तर थोडा जास्तच. रायफलच्या कार्डावर एका कड्यापासून पुढच्या कड्याचं अंतर २.५ मिमी, म्हणजे दशांशाचा एक आकडा पाव मिमीला. दीड मिमी म्हणजे सहा आकडे. मधोमध बसणारा १०.९ तुमच्याकडे १०.३ होऊन पडतोय. साठ शॉटला गुणून बघा.

दुसऱ्या बाजूनं, २-३ मीटर प्रतिसेकंदाचा फेर असेल तर दोन-अडीच आकड्यांचाच खेळ आहे आणि तो पोरांच्या श्वासातच हरवतो. त्यासाठी रायफल खोलायची गरज नसते.

गोदाकाठ (नांदेड)
बिंदुसरा, क्रीपमध्ये पहिला शॉट फास्टच जातो असं नाही. हा गैरसमज फार पसरलाय.

हॅमर झडपेवर आपटून ती उघडतो. कप्प्यातला दाब झडपेला बंद ठेवायला बघतो. हॅमर स्प्रिंग चांगली ताणलेली असेल तर वाढलेल्या दाबालाही ती झडप पुरती उघडते आणि पहिला शॉट फास्ट. पण हॅमर मुळातच जेमतेम असेल तर वाढलेल्या दाबापुढे तो कमी पडतो, झडप कमी वेळ उघडी राहते, आणि क्रीप असूनही पहिला शॉट हळू जातो. म्हणून नुसत्या पहिल्या शॉटवरून निदान करू नये.

लेन ४, दोन गोष्टी मोजा. एक, २० सेकंदांच्या अंतरानं १० शॉट. दोन, पूर्ण दोन मिनिटांच्या अंतरानं १० शॉट. प्रत्येक वेळी सिलिंडरचा गेज लिहा. दोन मिनिटांनी पण १६४ च राहिला तर ठरलेला दाबच उतरलाय आणि पहिल्या शॉटला क्रीपची भर पडतेय. दोन मिनिटांनी १७१ आला तर रेग्युलेटर बरोबर आहे, फक्त कप्पा भरायला वेळ लागतोय. मग गोष्ट वेगळी.

काळी_माती
+१ गोदाकाठ. तिसरं पण मोजा. गेज १९० असताना आणि १०० असताना, दोन्ही वेळा तेच २० सेकंदवाले शॉट. चोंदलेलं असेल तर भरल्या सिलिंडरला घसरण कमी दिसंल आणि सिलिंडर उतरंल तशी वाढत जाईल. सीट गळत असंल तर असा फरक दिसायचा नाही.

शिष्या_ची_आई
मध्येच विचारते, चुकलं तर माफ करा. मुलीसाठी रायफल बघायची आहे. नळीच्या पुढे लांब जाड पाइप आणि त्याला भोकं असतात, तो सायलेन्सर आहे का? एका व्हिडिओत सांगत होते की सायलेन्सर लावला की आतला गॅस वाढतो आणि रायफलचा गॅस कमी करावा लागतो. तसं हिचं पण करावं लागतं का?

निवृत्त_आर्मरर
ताई, प्रश्न बरोबर आहे, फक्त रायफल वेगळी.

व्हिडिओतली ती गॅसवर चालणारी सेमी-ऑटो. आपल्याकडं पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली ईशापूरची ७.६२ एसएलआर त्याच तत्त्वाची. गोळी नळीतून जाताना थोडा गॅस भोकातून पिस्टनवर येतो, पिस्टन बोल्टला मागं ढकलतो, गोळीचं रिकामं कवच (केस) बाहेर पडतं आणि पुढची गोळी चढते. एसएलआरला त्यासाठी गॅस रेग्युलेटरची रिंग असते. जादा गॅस बाहेर सोडायचा की पिस्टनला द्यायचा, ते तिच्यावर ठरतं. नळीच्या तोंडाशी सायलेन्सर बसवला की गॅस बाहेर पडायला उशीर होतो, नळीत दाब जास्त वेळ टिकतो, भोकातून जास्त गॅस येतो. मग बोल्ट धाडकन मागं, कवच लवकर उपसलं जातं, काजळी आणि धूर तोंडावर. म्हणून तिकडचे लोक गॅस कमी करत बसतात.

मॅच एअर रायफल एकावेळी एकच छर्रा घेते आणि तो आपण हातानं भरतो. तिच्या हवेनं काहीच मागं ढकलायचं नसतं. छर्रा गेला, हवा गेली, काम संपलं. तेव्हा पुढं काही असो-नसो, आत जुळवायला काही नाही.

वाळूजकर
त्यात भर. पुढचा पाइप सायलेन्सर नाही. खरी नळी आत कमी लांबीची असते. बाहेरचा पाइप पुढची साइट लांब नेण्यासाठी असतो, म्हणजे दोन साइटमधलं अंतर वाढतं आणि चूक लवकर दिसते. भोकं आणि आतला शंकू छर्ऱ्याच्या मागून येणारी हवा बाजूला काढतात. ती हवा छर्ऱ्याच्या घेराला मागून ढुसण्या देते, म्हणून ती वेगळी करायची. त्याला एअर स्ट्रिपर म्हणतात. तो सैल झाला आणि छर्रा कडेला घासला तर भलतीकडे एखादा शॉट जातो. टॉर्च मारून बघा, शिशाची चमकती रेघ दिसली की समजायचं.

कायद्याचं: ४.५ मिमीपर्यंत आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. मॅच रायफल ०.५३ ग्रॅम छर्ऱ्याला १७२ नी म्हणजे ७.८ ज्यूलच देते, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. बंदुकीचा आवाज दाबणारं साधन मात्र आपल्याकडं प्रतिबंधित गटात आहे. ऑनलाइन मागवायच्या भानगडीत कुणी पडू नका.

शिष्या_ची_आई
फार छान समजलं. धन्यवाद!

हुरडा_पार्टी
२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर प्रत्येक घरात एक रायफल आणि एक प्रश्न आलाय. स्वप्निल कुसाळेंची ५० मीटरची .२२, म्हणजे हवेची नव्हे तर गोळीची, होती हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

परभणीकर
मूळ प्रश्नावर येतो. लेन ४, सिलिंडर कशानं भरता? हातपंपानं की मोठ्या सिलिंडरवरून? आणि कधी भरला होता, उन्हाळ्यात का पावसाळ्यात?

हे विचारायचं कारण पाणी. मॅच रायफलचं सिलिंडर साधारण ०.२ लिटरचं. २०० बार म्हणजे आत ४० लिटर मोकळी हवा कोंबली. ऑगस्टात ३० अंश आणि ८० टक्के दमट हवा असेल तर एका घनमीटरमध्ये २४ ग्रॅम वाफ असते. म्हणजे ४० लिटरमध्ये जवळपास एक ग्रॅम, वीसेक थेंब. दाबल्यावर त्यातलं अगदी नगण्य वाफ म्हणून राहतं, बाकी सगळं पाणी होतं. पंपाचा पाणी सोडायचा स्क्रू आणि सिलिका जेलनं ते अडवलं नाही तर सिलिंडरात, तिथून रेग्युलेटरमध्ये. सीटवर गंज, वॉशरवर गंज, ओ-रिंग (रबरी कड्या) खराब होतात.

आता मे महिना घ्या. ४० अंश, आर्द्रता १५ टक्के. घनमीटरला पावणेआठ ग्रॅम. एका भरणीला ०.३ ग्रॅम. तिप्पट कोरडी हवा.

हुरडा_पार्टी
मराठवाड्याचा दुष्काळ आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला.

काळी_माती
अन् तेवढ्यात टँकर नाही लागला.

बिंदुसरा
हसू नका, पण खरंच पावसाळ्याचा सगळा साठा मेमध्ये भरून ठेवता येतो का? मोठा सिलिंडर असेल तर?

परभणीकर
मोठा सिलिंडर असेल तर हो. पण त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) ठरल्या मुदतीत करून घ्यावी लागते आणि तो मान्यतेचाच हवा. ही सगळी व्यवस्था नागपूरच्या पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेच्या) अखत्यारीत येते. भंगारातला सिलिंडर रंगवून आणायचा नाही.

जालना_रोलिंग
इथं एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही, कुठल्याही परिस्थितीत जोडायचा नाही. आमच्याकडं स्टीलच्या कारखान्यांमुळं वेल्डिंग-कटिंगचे ऑक्सिजन सिलिंडर गल्लोगल्ली दिसतात आणि 'हवाच आहे की' असं म्हणणारा एखादा निघतोच. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि आत तेल-ग्रीसचा एक थेंब, एवढं पेटायला पुरतं. ठिणगी लागत नाही. रायफल फुटते आणि हात जातो.

त्याच कारणानं दाबाच्या भागात खनिज तेल, गंज सोडवायचा स्प्रे, मशिनचं ग्रीस काहीच नको. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बोटाला चमक येईल एवढंच.

दहा_पॉइंट_नऊ
हातपंपावर आणखी दोन ओळी. पन्नास स्ट्रोक झाले की पाच-सात मिनिटं थांबा आणि पाणी सोडायचा स्क्रू उघडा. सलग पंप मारला की सील तापतात आणि भरलेली हवाही गरम होते. गेज २०० दाखवतो, थंड झाल्यावर १८५-१९० वर येतो. लोक म्हणतात गळतंय. गळत नसतं, हवा निवलेली असते.

उलटंही होतं. २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ६० अंशाला गेला तर २२३ बार होतो. एप्रिल-मे मध्ये स्पर्धेला नेताना १८० च्या वर भरू नका आणि डिकीत ठेवू नका.

बिंदुसरा
सिलिका जेल कधी बदलायचं? निळे मणी गुलाबी झाले की?

परभणीकर
हो, निळे गुलाबी होतात, नारिंगी हिरवे होतात. तव्यावर मंद आचेवर किंवा ओव्हनला ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवले की परत मूळ रंगावर. पण मणी फुटायला लागले, पावडर दिसली की टाकून द्या. ही पावडर फिल्टरमधून पुढे जाते.

वाळूजकर
⬆ ही शेवटची ओळ लेन ४ नं नीट वाचावी.

लेन_क्रमांक_४
सगळं मोजलं. आकडे देतो.

२० सेकंद अंतर, गेज १८५: १७१, १६८, १६८, १६७, १६८, १६७, १६८, १६७, १६७, १६८
२० सेकंद अंतर, गेज १०५: १७०, १६२, १६१, १६०, १६१, १६०, १६१, १६०, १६०, १६१
दोन मिनिटं अंतर, गेज १०५: १७१, १७०, १७१, १७१, १७२, १७०, १७१, १७१, १७०, १७१

भरणी हातपंपानं, जुलैपासून. आणि हो, पंपाच्या फिल्टरात मणी पांढरट झालेत, तळाला पावडर आहे.

गोदाकाठ
बघा. रेग्युलेटर निर्दोष. दोन मिनिटं दिली की १७१ वर बसतोय आणि फेर फक्त २. क्रीप असता तर दोन मिनिटं थांबल्यावर आकडा १७१ च्याही वर गेला असता, निदान वेगळा आला असता. वाट चोंदलीय. सिलिंडर जिथं बसतो त्या तोंडाशी बहुतेक रायफलींना छोटी जाळी किंवा सछिद्र पितळेची चकती असते. तिथं पांढरी पावडर बसली असणार.

बिंदुसरा
मान्य. माझं क्रीपचं निदान मागे घेतो. पाव फेरापण.

हुरडा_पार्टी
पाव फेरा मागे घेताना किती फिरवला ते लिहून ठेवा 😄

वाळूजकर
एक शंका शिल्लक आहे. लेन ४, क्रोनो (वेग मोजायचं यंत्र) कुठल्या उजेडात ठेवला होता? जुनी चोक-वाली ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि वरून उजेड घेणाऱ्या क्रोनोला चुकीचे आकडे देते. काही स्वस्त एलईडीही तसेच. साधा पिवळा बल्ब किंवा दिवसाचा सावलीतला उजेड चालतो. तोंडापासून एक मीटर दूर ठेवा, म्हणजे मागून आलेली हवा सेन्सरला लागत नाही.

लेन_क्रमांक_४
बल्बखाली, एक मीटरवर. आता फिल्टर कसा काढू ते सांगा.

वाळूजकर
सांगतो. घाई नको.

सिलिंडर हातानं उलटा फिरवून काढा. काढताना थोडी हवा फुसकन जाते, ते बरोबर आहे. सिलिंडर निघाला तरी कप्प्यात दाब असतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. नळी सुरक्षित दिशेला, मागे मातीची भिंत किंवा छर्रा-पकड, आणि रायफल कॉक करून छर्रा न घालता घोडा ओढत राहा. आवाज येईना झाला की अजून दोनदा ओढा. कोरड्या (हवा न सोडता करायच्या) सरावाच्या सेटिंगवर ठेवून मारू नका, त्यात झडप उघडतच नाही आणि आतला दाब तसाच राहतो. हीच चूक जास्त होते.

मग तोंडाशी बघा. चकती धरून ठेवणारी रिंग किंवा खाच असलेला छोटा स्क्रू असतो. बरोबर मापाचा पातळ पेचकस घ्या, खाच झिजवू नका. कुठला भाग कुठल्या क्रमानं निघतो त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पांढऱ्या कपड्यावर काम करा. ओ-रिंग काढायला सुई नको, प्लास्टिकची टोकदार काडी.

चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास ठेवा, मग उलट्या बाजूनं, म्हणजे हवा ज्या बाजूनं बाहेर पडते त्या बाजूनं फुंका. ओठ लावू नका, पंक्चरवाल्याच्या हवेनंही नको, त्यात पाणी आणि तेल असतं. कॅमेऱ्याची रबरी फुंकणी पुरते. उजेडासमोर धरली की सूक्ष्म भोकांमधून प्रकाश सारखा दिसायला हवा.

काळी_माती
अॅसिटोन लवकर काम करतं की.

वाळूजकर
करतं, आणि जवळ राहिलेली ओ-रिंगही खातं. नको.

गोदाकाठ
चकती स्वच्छ करून वापरता येते, पण पावडर आतपर्यंत रुतलेली असेल तर नवीच घालावी. ती काढून टाकून रायफल चालवायची नाही. चकती नसेल तर तीच पावडर सीटवर जाईल आणि मग बिंदुसराचं क्रीप खरं होईल.

आणि फक्त रायफलची चकती साफ करून भागणार नाही. पावडर सिलिंडरात पण आहे. सिलिंडर पुढच्या भरणीला ती परत पाठवणार.

जालना_रोलिंग
सिलिंडर स्वतः उघडायचा नाही. झडप काढून आतून धुणं हे ज्याच्याकडं उपकरण आणि टॉर्क माहीत आहे त्याचंच काम. सिलिंडर रिकामा करा, तोंड खाली करून उभा ठेवा, हळू हळू पूर्ण दाब सोडा. दोन-तीन वेळा कोरड्या हवेनं थोडं भरून असंच सोडलं तर सैल पावडर बरीच निघते. तोंडासमोर चेहरा नको.

दहा_पॉइंट_नऊ
सिलिंडरचा विषय निघालाच आहे तर लेन ४, त्यावरची तारीख वाचा. महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. जास्तीत जास्त दहा वर्षं, त्यानंतर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धेत तो मुदतीत आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूची. उपकरण तपासणीत रायफलचं वजन ५.५ किलोच्या आत बसवायला सगळे धडपडतात आणि सिलिंडरची तारीख कुणी वाचत नाही.

लेन_क्रमांक_४
अरेच्चा. तारीख बघितली. मुदत पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपतेय. सध्या ठीक.

हुरडा_पार्टी
हायवेवरच्या ढाब्यातलं पनीर आणि जुन्या रायफलचा सिलिंडर, दोन्हीची तारीख बघूनच घ्यायची.

काळी_माती
फिल्टरनं काम झालं तर उत्तमच. पण समजा साफ केल्यावर फेर बारीक झाला आणि सरासरीच १६५ वर बसली, तर मग काय? वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून विचारतो.

गोदाकाठ
तेव्हा हॅमर स्प्रिंग आणि रेग्युलेटर हा विषय येतो, आणि तो असा:

पहिल्यांदा नळी. फेल्टचे तुकडे बारीक दोऱ्यानं ओढून मागून पुढे साफ करा. सळई तोंडाकडून घालायची नाही, तोंडाची कड हीच सगळी नेमबाजी. साफ केल्यावर पहिले १०-१५ शॉट धरू नका.

सिलिंडर १८० ला भरून निवू द्या. सध्याची सरासरी लिहा. स्क्रूच्या डोक्यावर आणि बाजूला मार्करनं एक सरळ रेघ मारा, म्हणजे परत कधीही मूळ जागी येता येईल. आता फक्त हॅमर स्प्रिंगचा स्क्रू, आणि फक्त पाव फेरा. तीन शॉट टाकून द्या, दहा मोजा. पुन्हा पाव. वेग वाढत वाढत एका जागी येऊन थांबतो, त्यापुढे स्प्रिंग कितीही ताणली तरी आकडा हलत नाही, फक्त हवा वाया जाते आणि रायफल जास्त हलते. त्या थांबण्याच्या किंचित अलीकडे स्क्रू ठेवायचा. तिथं दाबात थोडा चढउतार झाला तरी वेग फारसा हलत नाही, कारण दाब वाढला की झडप थोडी कमी उघडते आणि हिशेब तिथल्या तिथं मिटतो. हॅमरनंच पाहिजे तो वेग मिळाला तर रेग्युलेटरला हात लावायचा नाही.

हॅमरनं नाहीच आला तरच रेग्युलेटर. तो फिरवण्याआधी आतला सगळा दाब सोडायचा, विशेषतः दाब कमी करायचा असेल तेव्हा. दाब असताना फिरवलं तर सीटवर पिस्टन घासतो. फेऱ्याचा आठवा भाग, म्हणजे ४५ अंश, एका वेळी. परत जोडा, १५ शॉट बसू द्या, मग मोजा. रेग्युलेटर बदलला की हॅमरची थांबायची जागाही बदलते, म्हणून ती परत शोधायची. हेच विसरून लोक दोन दिवस एकमेकांचे स्क्रू फिरवत बसतात.

वाळूजकर
यात एकच वाढवतो. १७५ च्या वर न्यायचा मोह नको. वेग जास्त म्हणजे अचूक जास्त असं नाही. ज्या छर्ऱ्याला जो वेग मानवतो तिथं गट (कार्डावरच्या भोकांचा पुंजका) लहान. रायफल शिकंजात पकडून वेगवेगळ्या डोक्याच्या मापाचे छर्रे, ४.४९, ४.५०, ४.५१, प्रत्येकी दहा शॉट मारा आणि कार्डावर मधापासून मधापर्यंत मोजा. सोनाराच्या काट्यावर छर्रे तोलत बसण्यापेक्षा याचा फायदा जास्त.

काळी_माती
सोनाराचा काटा आता बायकोला परत देतो.

लेन_क्रमांक_४
फिल्टर काढला. चकतीवर पांढरा थर होता, नखानं खरवडला तर पिठासारखा. अल्कोहोलमध्ये ठेवून दोनदा उलट फुंकला. पंपातले जुने मणी फेकले, नवे भरले, सिलिंडर तोंड खाली करून तीनदा सोडला.

२० सेकंद अंतर, गेज ११०: १७१, १७१, १७०, १७१, १७०, १७१, १७२, १७०, १७१, १७१

रेग्युलेटरचा स्क्रू जागेवरच. कार्डावरचा गट आता मधोमध, खाली पडत नाही. गेज ७० च्या जवळ आल्यावर वेग उतरायला लागतो, पण ते साहजिकच असणार ना?

गोदाकाठ
हो, तिथं सिलिंडरचा दाबच रेग्युलेटरच्या आकड्याखाली जातो. स्पर्धेला ८० च्या खाली नेऊ नका. चाचणी शॉट धरून साठच्या सीरीजला भरलेला सिलिंडर लावा आणि दुसरा हाताशी ठेवा.

शिष्या_ची_आई
त्या पोरांना शुभेच्छा. आणि मुलीला रायफल घेताना सिलिंडरवरची तारीख वाचायची, हे मी लिहून ठेवलं.

बिंदुसरा
लेन ४, चकतीवरून निघालेली पांढरी पावडर फेकली नाही ना? फोटो टाका, पुढच्या माणसाला नुसत्या नजरेनं ओळखता येईल.

लेन_क्रमांक_४
डबीत ठेवलीय. उद्या दिवसाच्या उजेडात काढतो, इथं आत्ता लाइट गेलीय.